गाडीखाली गेलेला बंदुकीचा दस्ता

खंडेनवमीला आमच्या घरातलं जे जे म्हणून हत्यार आहे ते सगळं अंगणात पाटावर येतं. विळी, कोयता, शिवणयंत्र, मिक्सर, माझा लॅपटॉप, आबांचं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र आणि शेवटी, मान राखून, आजोबांची रायफल. आबा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी, ऐकू कमी येतं, पण हे मान्य नाही. मी बावन्न वर्षांची, शाळेत गणित शिकवते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही आणि आबांजवळ राहते. धाकटा भाऊ पुण्यात असतो.

रायफल विलायती. उसात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी आजोबांनी घेतलेली. शिकारीवर बंदी आल्यापासून तिला दोनच कामं उरली होती. खंडेनवमीला पाटावर बसायचं आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात मुक्कामाला जायचं. आबांनी ती कशावर रोखलेली मी उभ्या जन्मात पाहिली नाही. पण महिन्यातून एकदा ते ती मांडीवर घेऊन तासभर पुसत बसतात, आणि त्या तासात घरी पाहुणा आला तरी त्याला चहा मिळत नाही.

त्या वर्षी मी नवी गाडी घेतली होती. म्हणजे पूजेला गाडी आली, आणि गाडी आली म्हणजे चाकाखाली लिंबं आली. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. ती फुटेपर्यंत गाडी जरा पुढे घ्यायची, इतकंच काम. आबा समोर उभे राहून हातवारे करत होते. "येऊ दे. येऊ दे. अजून येऊ दे की." त्यांचं सगळं लक्ष उजव्या लिंबाकडे. डाव्या बाजूला पाटावर रायफल होती आणि तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं ते मागचं लाकूड, पाटाच्या बाहेर आलेला होता. काड्कन आवाज झाला. मला वाटलं लिंबू. लिंबाचा एवढा आवाज होत नाही हे गणित मला जागच्या जागी सुटायला हवं होतं. मी खाली उतरून बघायच्या ऐवजी गाडी मागे घेतली, म्हणजे त्याच दस्त्यावरून दुसऱ्यांदा चाक नेलं.

नळीला ओरखडा नाही. चाप शाबूत. दस्ता मात्र मनगटाएवढ्या बारीक जागी मोडून उभा चिरला होता आणि त्याच्या सालपटांवर हळदकुंकू तसंच होतं. आबांनी तुकडे गोळा केले, उपरण्यात बांधले आणि आत गेले. 

माझ्याशी बोलले ते थेट संध्याकाळी. "आपण चहा घेणार का?" म्हणाले. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. कुणी आलं नव्हतं. आबा मनापासून रागावले की पुण्याची मराठी बोलतात आणि समोरच्याला अहोजाहो करतात. आईनं हे आयुष्यात दोनदा भोगलं होतं. मला पहिल्यांदाच मिळत होतं. "आपली शाळा परवा किती वाजता आहे?" "आपण भाजी आणणार आहात का?" मला त्या रायफलचा लहानपणापासून तिटकारा होता, पण बापाच्या तोंडून 'आपण' ऐकायला लागल्यापासून तो दस्ता जुळावा म्हणून मी देव पाण्यात ठेवायला तयार होते.

आणि नुसत्या रागाची गोष्ट असती तरी चाललं असतं. आबांनी परवाना वारसाच्या नावावर करायला काढला होता. आता हात थरथरतो, आपल्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं. मार्गशीर्षात हत्यार घेऊन तपासणीला जायचं होतं. कचेरीतल्या कारकुनानं आधीच बजावलं होतं, "हत्यार धड पायजे. मोडकं असलं तर जमा करून घ्यायचं आमी." आणि जमा झालेली बंदूक पुन्हा घरी येणं म्हणजे सासरी गेलेल्या मुलीनं सांगून राहायला येण्यासारखं, आलीच तर दोन दिवस. म्हणजे दोन महिन्यांत दस्ता मिळाला नाही तर आबांच्या हयातीत रायफल गेली, आणि घालवली कोणी, तर मी.

भावाला फोन केला. परवाना त्याच्या नावावर होणार हे आमच्यात सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. तो म्हणाला, "ताई, गाडी घेतलीस का रोडरोलर?" आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून दिला.

मग मी शोधाला लागले. इंटरनेटवर अगदी तसाच दस्ता एका परदेशी दुकानात दिसला. मी आनंदानं पत्ता भरला. कोल्हापूर लिहून झाल्यावर लाल अक्षरांत आलं की तुमच्या देशात आम्ही पाठवत नाही. आमच्या स्वयंपाकघराची कपाटं करणाऱ्या सुताराला तुकडे दाखवले. त्यानं ते उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाला, "प्लायमधी करू की ताई. वरनं लॅमिनेट मारतो. अक्रोडाचा रंग मिळतोय. मॅट टाकू का ग्लॉसी?" मी तुकडे परत घेतले.

शेवटी नळी, तुकडे आणि आबांचा परवाना घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. परवानाधारक, सत्तरीचे, बोलणं तोलूनमापून. ते म्हणाले, "ही कंपनी कवाच बंद पडली. नवा दस्ता कोरायला माझी नजर न्हाय राहिली. पण ह्याच्या जोडीची एक रायफल माझ्या वडलांनी राधानगरीकडं दिलेली. तिचं लाकूड सैल झालं म्हणून काढून ठेवलं हुतं, मग परवाना संपला, लोखंड जमा झालं. लाकूड घरातच असणार. बघा जाऊन." त्यांनी गाव आणि घर सांगितलं.

रविवारी मी गेले. घरापुढच्या कट्ट्यावर एक म्हातारे मामा बसले होते. "या पावणं. आधी च्या घ्या, मग काय ते बोला," म्हणाले. मी चहा घेतला आणि दस्त्याचं विचारलं. मामांनी हनुवटीनं परड्याकडे दाखवलं. तिथं धुण्याच्या दगडावर त्यांची बायको वाकळ धूत होती. गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात, आणि भिजलेली वाकळ पिळणं म्हणजे डबक्यात बसलेल्या म्हशीला बाहेर काढणं. ती बाई दोन्ही हातांनी काहीतरी उचलून धाडधाड त्या वाकळेवर हाणत होती. मी जवळ गेले. तो दस्ता होता. साबणानं पांढरा पडलेला, कडा झिजलेल्या, पण तोच घाट, तोच बाक.

मी हात जोडून सगळं सांगितलं. लिंबू, गाडी, आबा, तपासणी. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "न्हाय मिळायचा."

"का हो मावशी?"

"का म्हंजे? माझं धोपटणं हाय त्ये. सासऱ्यानं डुकरावर चालिवला न्हाय एवढा मी वाकळंवर चालिवलाय. असलं वजन, असली मूठ दुसरीकडं गावत न्हाय. तुमी बंदूक वर्षातनं एकदा काढताय. मला रोज लागतंय."

तिचं बरोबरच होतं. मामा कट्ट्यावरून ओरडले, "दिऊन टाक की गं. माझी पाठ तरी सुटंल." तिनं त्यांच्याकडे बघितलं तसा त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. मग ती मला म्हणाली, "ह्याच्या तोडीचं धोपटणं आणा, आणि घिऊन जावा."

पुढचे तीन रविवार मी धोपटणी वाहिली. पहिलं बाजारातून आणलं. तिनं हातात तोललं आणि "ह्यानं चपाती लाटावी" म्हणून परत दिलं. दुसरं जड होतं, पण ओलं झालं की मूठ हातात फिरायची. तिसरं मी स्वतः पसंत केलं होतं, त्याला तिनं दगडावर एकदा आपटून कान लावला आणि म्हणाली, "आवाज बद्द येतोय." बत्तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या, पण इतक्या कडक हातानं मी कधी कुणाला नापास केलेलं नाही. दरवेळी घरी परत आल्यावर आबा विचारायचे, "आपण दर रविवारी कुठे जाता?" मी सांगायची, "धोपटणं द्यायला." ते पुढे विचारायचे नाहीत. डोकं ठिकाणावर नाही असं त्यांनी ठरवलं असावं.

चौथ्या खेपेला मी तिच्या दस्त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, शिवणटेपनं मापं घेतली आणि ते सगळं त्याच कपाटवाल्या सुताराकडे नेऊन टाकलं. म्हटलं, "भरीव बाभळीचं पाहिजे. लॅमिनेट नको." चार दिवसांत त्यानं असं काही करून दिलं की मी बघतच राहिले. मी त्याला म्हटलं, "अरे, हे जमतंय तर बंदुकीचाच दस्ता का नाही केलास?" तो म्हणाला, "बंदूक म्हटलं की भ्या वाटतंय ताई. उद्या कायतरी झालं तर पोलीस माझ्याकडं येणार. धोपटण्याला कोण विचारतंय?" तेच बंदुकीला लावावं म्हणून मी ते काकांना दाखवलं. त्यांनी उचललं आणि लगेच खाली ठेवलं. म्हणाले, बाभळीचं एवढं वजन बंदुकीला चालत नाही, शिवाय आत नळी बसायची खाच कोण कोरणार.

म्हणून ते राधानगरीकडेच गेलं. मावशीनं ते हातात घेतलं, बाजू उलटवली, वास घेतला. मग मला म्हणाली, "तुमीच हाणा. बघू द्या मला." माझ्यापुढे भिजलेली वाकळ टाकली. शाळेत जायच्या साडीचा ओचा खोचून मी ती वाकळ बडवली. अर्धा तास. मामा कट्ट्यावरून मोजत होते. खांदे गळून पडायची वेळ आली, पण वाकळेतून काळं पाणी निघालं आणि आवाज खणखणीत आला. मावशी म्हणाली, "हां. आता बरोबर वाजलं." तिनं जुना दस्ता स्वच्छ धुतला, पदरानं पुसला आणि ओटीत घालावा तसा माझ्या हातात दिला. जाताना मला तीच वाकळ वाळत घालायला लावली.

काकांनी दस्ता पंधरा दिवस सावलीत वाळवला, जवसाचं तेल पाजलं. लाकडाला रंग आला, साबणाचा वास काही गेला नाही. नळी आत बसली तेव्हा काकांच्या तोंडून "जमलं की" एवढंच निघालं. तपासणीला चार दिवस होते. मी आबांना रिक्षानं दुकानात घेऊन गेले. ते येताना म्हणाले, "आपण मला कुठे नेत आहात?" मी म्हटलं, "बघालच."

रायफल समोर ठेवली तसे आबा पुढे झाले. मग दस्त्यावरून हात फिरवला, वाकून वास घेतला आणि विचारलं, "हे असलं कुठनं आणलंस?" मी सांगितलं. सगळं. वाकळ, मामांची पाठ, बद्द आवाज, अर्ध्या तासाची बडवणी. आबा हसायला लागले ते खुर्चीत बसेपर्यंत हसले. काकांनी त्यांना पाणी दिलं.

मग काका म्हणाले, "एक काम राहिलंय. ह्याची मागची कड आपटून आपटून झिजलीया. बोटभर कापून सरळ करावी लागंल. कापणारच हाय तर खांद्याच्या मापानं कापतो. तुमचं माप घेऊ का?"

"माझं कशाला?" आबा म्हणाले. "मी किती दिवस धरणार हाय."

"मग पोराचं. पुण्याहून कळवायला सांगा, काखेपासून बोटापर्यंत."

मी फोन काढला, भावाला लावायला. आबांनी खिशातून परवान्याचा अर्ज काढला, चष्मा लावला आणि तो काकांपुढे ठेवला. वारसाच्या रकान्यात त्यांच्या थरथरत्या अक्षरात माझं नाव होतं. शाई जुनी होती. खाली तारीख होती ती दसऱ्याच्याही आधीची.

"आबा," मी म्हटलं, "मी ती गाडीखाली घातली. दोनदा."

"घातलीस की. म्हणून तर दोन महिने राग आला हुता मला. दुसऱ्या कुणाच्या बंदुकीवर गाडी घातली असतीस तर येवढा आला नसता," आबा म्हणाले आणि काकांकडे वळले. "हिचं माप घ्या."

काकांनी टेप काढला. मी वाकळ बडवल्यापासून अजून दुखणारा उजवा हात कसाबसा पुढे केला, तर आबांनी तो कोपराखाली धरून सरळ केला आणि माप होईपर्यंत धरून ठेवला.