दर्या आणि दऱ्या

सँड्रीना फर्नांडिसचा भाऊ ॲल्स्टन मालवणात पर्यटकांना बोटीने फिरवतो. गेल्या वर्षी खांदा धरला म्हणून तो दवाखान्यात गेला, तर काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये नाव शोधलं नि मान हलवली. "या नावाचे पेशंटच नाहीत आमच्याकडे." तो लहानपणापासून तिथेच जात होता. घरी येऊन त्याने बहिणीला फैलावर घेतलं.

"तुझ्या कॉम्प्युटराक मी म्हायतच नाय गो!"

त्याचं बोलणं तिला लागलं. कुडाळच्या एमआयडीसीतल्या ज्या छोट्या कंपनीत सँड्रीना नोकरी करते, त्याच कंपनीचं ते दवाखान्यातलं सॉफ्टवेअर. आणि त्यातला नाव शोधायचा भाग तिने स्वतः लिहिलेला.

ती हात धुऊन मागे लागली. नेटवर शोधलं, हवं ते नेमकं कुठे मिळेना. शेवटी एकेक अक्षर सुटं करून पाहिलं तेव्हा उलगडलं. 'ॲ' टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एकीत ते अख्खं एकच चिन्ह असतं, दुसरीत 'अ'वर चंद्र वेगळा ठेवलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात. शोधायच्या आधी दोन्ही एकाच साच्यात आणणारा कोडचा छोटासा तुकडा तिने लिहिला. फोनवरून मजकूर उचलताना न दिसणाऱ्या खुणा सोबत येतात, त्याही त्यात झाडून टाकल्या. भावाची जुनी फाइल लगेच वर आली.

पण ॲग्नेस, ॲलन, ॲम्ब्रोज अशा किती जणांना असंच परत पाठवलं जात असेल? हा तुकडा सगळ्यांसाठी मोकळा ठेवायचा, असं तिने ठरवलं आणि मालकांना, सत्यवान परबांना, विचारलं.

"डोकेफोड आमी करूची नि लोकांनी फुकट न्हेवचा?" परब उखडले.

"सर, आपण रोज वापरतो त्यातलं निम्मं कोणीतरी असंच मोकळं ठेवलेलं आहे. ते घेताना आपण कुठे कोणाला विचारलं?"

परबांनी पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, "घरी बसून नव्याने लिही. गिऱ्हाइकाचं नाव कुठे येता कामा नये."

तिने तो तुकडा नव्याने लिहिला आणि तो समजावणाऱ्या मराठी टिपणासह प्रोग्रामर मंडळींच्या एका मोठ्या ग्रुपवर टाकला. पहिलंच उत्तर आलं : 'मराठीत कोड समजावताय? वाचणार कोण? इंग्रजीत लिहा.' तिने लिहिलं, 'अडचण मराठीची आहे, म्हणून मराठीत लिहिलं.' त्यापलीकडे ती वादात पडली नाही. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आली की नवं टिपण लिहायला बसायची. कधी मराठी नावांची अकारविल्हे लावणं, कधी जुन्या फॉन्टमधला मजकूर वाचता येईल असा करणं.

"कोणासाठी लिवतंस गो इतक्या?" तिची आई आपोलिना विचारायची.

"माका म्हायत नाय, मम्मी. पण अडलेलो कोणतरी असतलोच."

काही महिन्यांनी चारुता गावडे नावाच्या मुलीचा मेसेज आला. ती आंबोलीची, गावातल्या होमस्टेंसाठी वेबसाइट बनवत होती. 'ताई, तुमचा तुकडा वापरला. आता साइटवर "आंबोलीच्या दऱ्या" लिहिलं होतं तिथे "आंबोलीच्या दर्या" दिसतंय. पाहुणे विचारतात, बीच किती लांब?'

सँड्रीना आधी खळखळून हसली आणि मग तिने तो शब्द अक्षर अक्षर सुटा करून पाहिला. 'दऱ्या'तला तो अर्धा 'र' काही कीबोर्ड एका न दिसणाऱ्या खुणेच्या आधारावर उभा करतात. तिने कचरा म्हणून झाडली होती ती हीच खूण. कंपनीत तो तुकडा फक्त शोधापुरता होता, मूळ नावांना धक्का लागलेला नव्हता. पण बाहेर तो कोणी कुठे वापरला असेल?

"गुपचूप बदलून टाक," तिने ऑफिसात सांगितल्यावर परब म्हणाले. "कोणाक कळतला?"

"ज्यांनी आधीच उचललाय, त्यांना कळायला हवं, सर."

तिने दुरुस्त तुकडा टाकला आणि चूक टिपणाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत लिहिली : काय बिघडतं, का बिघडतं, कोणी शोधलं. ज्यांनी ज्यांनी 'वापरलं, धन्यवाद' म्हणून कळवलं होतं, त्या प्रत्येकाला वेगळा मेसेज केला. दोघेतिघे टाकून बोलले. एकाने लिहिलं, 'म्हणूनच घरी बसून केलेलं वापरू नये.' फोन पालथा ठेवून ती पाणी प्यायली आणि मग तिने उरलेले मेसेज पुरे केले. बहुतेकांनी नुसतं 'बदललं' एवढंच कळवलं.

चारुताला मात्र तिने फोन लावला. "तू माझी टिपणं आधी वाचशील? मी टाकायच्या आधी?"

"वाचीन. पण माझीही आहेत काही. टाकायचं धाडस होत नाही."

पुढच्या बाजाराच्या दिवशी चारुता घाट उतरून कुडाळला आली. स्टँडजवळच्या हॉटेलात दोघी लॅपटॉप उघडून बसल्या. दोघींच्या टिपणांसाठी नेटवर एकच जागा करायची आणि प्रत्येक तुकड्याखाली तो कुठे फसतो तेही लिहायचं, असं चहा संपायच्या आत ठरलं. सँड्रीनाने चारुताचं पहिलं टिपण वाचलं. बरं होतं.

"टाकूया?" चारुताने विचारलं.

"आधी मोडून बघूया," सँड्रीना म्हणाली, आणि चारुताच्या तुकड्यात सुचतील तितके वाकडे शब्द टाइप करू लागली.