डोक्यावरचं ढेकूळ

समोर दोन अंगणं. उजवीकडचं साफ्ताचं: चुलीच्या धुरानं काळवंडलेली पडवी, वाळत घातलेल्या मिरच्या, एक आंधळं कुत्रं. डावीकडचं कोर्नेलचं: नवं कोरं लाल छप्पर, दारात इटलीहून आणलेली गाडी. मधोमध आलुबुखारांची रांग, फळांनी वाकलेली. आणि त्या रांगेच्या उजव्या अंगाला, साफ्ताच्या गवतात, पांढरे सिमेंटचे खांब. झाडं गेल्या महिन्यापर्यंत साफ्ताची होती. आता ती खांबांच्या पलीकडे गेली होती.

ओल्तेनियाच्या टेकड्यांत बांध कोरणारे पूर्वीही होते, पण ते निदान अंधारात कोरायचे. कोर्नेलनं भर दिवसा मजूर लावून कोरला. साफ्ता विचारायला गेली तेव्हा तो हसून म्हणाला होता, काकू, खांब मशीननं मोजून रोवलेत, मशीन कुणाच्या बाजूनं बोलत नाही. तिनं ग्रामपंचायत गाठली. तिथल्या बाईनं कोर्टाची वाट दाखवली आणि तिच्या वयाकडे पाहून उसासा टाकला. पाद्रीबाबांनी सबुरी सांगितली. सबुरी सांगणाऱ्याचं काय जातं? त्याचा बांध देवानं राखलेला.

तरी तिनं गिळलं असतं. रागानं रात्ररात्र जागली असती, पण गिळलं असतं. मागच्या रविवारी मात्र चर्चच्या दारात, प्रार्थना सुटल्यावर, सगळ्यांच्या देखत कोर्नेल म्हणाला, "इलारीकाकांनीच आमच्यात शिरून झाडं लावली होती. आम्ही आमचं परत घेतलं."

इलारी! तिचा नवरा, जो झाडाखाली वाकून फळं वेचताना हात पलीकडे जाऊ द्यायचा नाही. पलीकडे पडलेलं फळ पलीकडच्यांचं, म्हणायचा. सरकारी शेती मोडून जमिनी परत मिळाल्या तेव्हा भाऊ भावावर कुदळ घेऊन धावले होते. या दोन घरांत मात्र दोरीचं एक टोक इलारीनं धरलं, दुसरं कोर्नेलच्या बापानं. कोर्नेलची आई वेता मागून खुंट्या ठोकत गेली. मग तिघांनी तिथंच बसून त्सुइका दारू प्याली होती, आलुबुखाराचीच. तो इलारी मातीखाली निजलाय, आणि त्याला चोर म्हणतात. मेलेल्या माणसाला उठून उत्तर देता येत नाही, म्हणून?

आठवडाभर वेता खिडकीत बसून होती. साफ्ताला पाहिलं की पडदा ओढायची.

या रविवारी साफ्ता चर्चला गेली नाही. लोक परतताना रस्त्यात उभी राहिली आणि कोर्नेलला म्हणाली, "ढेकूळ उचलायचं. आधी मी, मग तू."

लोक थबकले. डोक्यावर वादातल्या जागेची माती घेऊन शीव चालायची आणि शपथ घ्यायची. खोटं बोललं तर तीच माती कबरीत छातीवर बसते, उठू देत नाही. ही रीत म्हाताऱ्यांनीच काय ती पाहिलेली. ती पाळायची अनवाणी, कारण कुणा महाभागानं एकदा बुटांत स्वतःच्या अंगणातली माती भरून 'पायाखालची जमीन माझी' अशी शपथ घेतली होती.

साफ्तानं चपला काढल्या. झाडाखालचं गवतासकट ढेकूळ कुदळीनं कापलं, डोक्यावर ठेवलं आणि रांगेच्या कोर्नेलकडच्या कडेनं निघाली. ओली माती रुमालावरून कपाळावर ओघळली. तिनं ती पुसली नाही. रस्त्याला येऊन म्हणाली, ही झाडं इलारीनं आमच्या जागेत लावली. मग ढेकूळ कोर्नेलच्या पुढ्यात ठेवलं.

"बूट काढ."

"काकू, कोणत्या जमान्यात राहता?" तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही. तेव्हा त्यानं चिडून बूट काढले, मोजे काढले. उन्हाला न दाखवलेले पांढरे पाय गवतात उभे राहिले. ढेकूळ उचलून त्यानं छातीशी आणलं.

"ठेव खाली." वेता काठी टेकत अंगणातून येत होती.

"आई, नुसती माती आहे."

"मग छातीशीच का अडली?" ती त्याच्यापाशी पोचली आणि ढेकूळ स्वतःच्या हातानं काढून घेतलं. "साफ्ता चालली त्याच कडेनं दोरी होती. खुंट्या मी ठोकल्यात. माझ्या पोराच्या छातीवर मी ही माती चढू देणार नाही."

कोर्नेल मान खाली घालून पुटपुटला, उद्या खांब काढतो. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. वेता साफ्ताकडे वळून म्हणाली, झालं ना गं, आता सोड.

"सगळा आठवडा पडदा ओढून बसलीस, वेता. तुझ्याशी नंतर बोलते." कपाळावरची माती तशीच होती. साफ्ता कोर्नेलकडे वळली. तो बुटांकडे हात नेत होता.

"खांब सावकाश काढ, झाडं कुठं पळून जात नाहीत. चर्चचं दार अजून उघडं आहे. माझ्या इलारीला जिथं चोर म्हणालास, तिथं चल आणि सगळ्यांसमोर खरं सांग. आणि ते बूट राहू दे, असाच चल."