हेमाताईंच्या हातावर घड्याळं झोपतात

डोंबिवलीच्या हरिहररावांना एका जागी बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. निवृत्त माणसाने पेपर तरी खुर्चीत बसून वाचावा! पण हे गृहस्थ पेपर हातात धरून हॉल ते बाल्कनी येरझारा घालायचे. "अहो, अग्रलेख वाचताय की गस्त घालताय?" असं त्यांच्या पत्नी हेमाताई खुर्चीतून विचारायच्या. हेमाताई खुर्चीत बसल्या की बसल्या. भूकंप झाला तरी आधी हातातलं वाटाणे सोलणं संपवतील.

हरिहररावांना छंद जुन्या हातघड्याळांचा. कल्याणच्या घड्याळजीकडून, ठाण्याच्या भंगारवाल्याकडून, जिथून मिळतील तिथून आणलेली. बॅटरीची अजिबात नाहीत. "बॅटरीवाल्याला माझी गरजच काय?" असं ते म्हणत. सकाळी आंघोळ झाली की देवांच्या आधी घड्याळांना चावी. रोज मनगटावर वेगळं. एक पुढे पळणारं, एक मागे रेंगाळणारं, एक पावसाळ्यात रुसणारं. त्यामुळे कुणी वेळ विचारली की हरिहरराव आधी कौतुकाने घड्याळाकडे बघत आणि मग खिशातून मोबाइल काढून वेळ सांगत.

यातलं एक मात्र छंदातलं नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ, दादा, टिटवाळ्याला राहायचे. एकदा जेवायला आले, हात धुताना घड्याळ काढून बेसिनवर ठेवलं आणि तिथेच विसरून गेले. "राहू दे रे, पुढच्या खेपेला नेतो," असा फोनही आला. पुढची खेप झाली नाही. दादा आठवड्याभरात गेले. मधले दिवस हरिहररावांनी हातात घातल्यामुळे घड्याळ चालूच होतं. ते ऑटोमॅटिक, चावी नसलेलं. पोटात एक चकती असते, घालणाऱ्याचा हात हलला की ती फिरते आणि घड्याळ चालतं. काढून ठेवलं की दीडेक दिवसात थांबतं. हरिहररावांनी ते थांबू दिलं नाही. दिवसा वेगळं घड्याळ घातलं तरी संध्याकाळच्या फेरीला दादांचंच. असं करायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि आता हरिहररावांच्याच हृदयाची बायपास ठरली. ठाण्याला, माजिवड्याजवळच्या हॉस्पिटलात. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी, "काही शंका?" असं विचारलं.

"घड्याळ आत नेता येईल?"

"नाही. अंगावर काहीच नको."

त्या दिवसापासून गस्त दुप्पट झाली. "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही," ते बाल्कनीतून म्हणाले. हॉलमध्ये आल्यावर म्हणाले, "पण मी आत असताना ते थांबायला नको."

त्यांची मुलगी अंतरा म्हणाली, "बाबा, घड्याळं फिरवत ठेवायचं मशीन मिळतं. मागवू?"

"दादांना मशीनला बांधू?"

मग त्यांची नजर भांडी घासणाऱ्या शेवंतीबाईंच्या हातावर खिळली. काय तो वेग! "शेवंतीबाई, चार-पाच दिवस एक घड्याळ घालाल का हो?"

"नको काका. पाण्यात खराब झालं तर तुम्ही बरे होऊन मलाच बोलाल."

हेमाताई आता खुर्चीतून उठल्या, हे विशेष. "माझ्या दिरांचं घड्याळ गावभर कशाला? मी घालते."

हरिहररावांचा चेहरा पडला. भाचीच्या लग्नात हेमाताईंनी असंच एक ऑटोमॅटिक हौसेने घातलं होतं. सीमांतपूजनापासूनच पहिल्या रांगेतल्या खुर्चीत त्या अशा काही शांत बसल्या, की दुसऱ्या दिवशी ऐन मुहूर्ताला ते बंद पडलेलं. तेव्हापासून हेमाताईंच्या हातावर घड्याळं झोपतात, हे घरात सर्वमान्य होतं.

"अगं, तू फार स्थिर आहेस," ते चाचरत म्हणाले.

"तीस वर्षं तुमच्याबरोबर काढायला कुणीतरी स्थिर लागतं."

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी घड्याळ हेमाताईंच्या हातात चढवलं. चेन इतकी सैल की कोपराकडे सरकवावी लागली. "अधूनमधून हात हलवत राहा हं."

"मी काय खुळखुळा वाजवत बसू? जा आता." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं.

पुढचे दिवस हरिहररावांना नीटसे आठवत नाहीत. आयसीयूत हेमाताई दारातून दिसून जात, पण घड्याळ पदराखाली. विचारावं तर तोंडात नळी. नळी निघाल्यावरही त्यांनी विचारलं नाही. थांबलं असेल तर काय, या विचाराने त्या पडल्या जागीही त्यांच्या पायाचे अंगठे चाळवत होते.

खोलीत आणल्यावर मात्र राहवेना. "घड्याळ..."

हेमाताईंनी हात पुढे केला. सेकंदकाटा ऐटीत फिरत होता.

"हलवत होतीस ना?"

"छे हो. माझ्या लक्षातच नव्हतं."

"मग चाललं कसं?"

अंतरा हसायला लागली. "बाबा, आई बसलीच नाही. तुम्हाला आत नेल्यापासून कॉरिडॉरमध्ये नुसती इकडून तिकडे. शेवटी सिक्युरिटीवाला म्हणाला, 'काकू, बसा हो, मला गरगरतंय.'"

हरिहररावांनी बायकोच्या हातावरची चेन नीट केली. मग म्हणाले, "राहू दे तुझ्याच हातात. छान चालतंय."

"काही नको." हेमाताईंनी घड्याळ काढून त्यांच्या मनगटात चढवलं. "सांभाळा तुमचं. मला आता बसायचंय."

आणि खुर्चीत बसल्या त्या तिथेच गाढ झोपल्या. हरिहरराव मग चादरीखाली, त्यांना जाग येणार नाही इतक्या बेताने, हात हलवत राहिले.