आईच्या हातचा घास
सुनेनं नातवासाठी दूधभाकरी कुस्करून वर तूप सोडलं, आणि त्या वासासरशी मी निजामाच्या अमलातल्या माझ्या माहेरगावी, तेरला पोचले. माझा धाकटा भाऊ तेव्हा काही केल्या खात नव्हता. घास दिसला की दात आवळायचा, बळंच कोंबला तर ओकून टाकायचा. अंगावर नुसती हाडं उरली होती. आई वाटी घेऊन अंगणभर त्याच्यामागं फिरायची, आणि मी चुलीपाशी कोरडी भाकरी चावत त्या तुपाकडं बघून जळायचे. शेवटी तिनं त्याला हकिमाकडं नेलं, मीही सोबत होते. "बाई, जबरदस्ती बंद करा. पोरानं घासाची दहशत घेतलीय," हकीमसाहेब म्हणाले. "त्याच्यासमोर पोरीला भरवा. त्याच्याकडं बघूबी नका." त्या संध्याकाळी आईनं मला मांडीवर घेतलं. तिची तुपानं माखलेली बोटं माझ्या ओठांना लागत होती आणि भाऊ खांबाआडून बघत होता. काही दिवस असेच सुखात गेले. मग एकदा तो आपणहून आला, मला ढकलून मांडीवर बसला आणि त्यानं आ केला. "खाल्लं गं माझ्या लेकरानं!" म्हणत आई रडायलाच लागली. पुढच्या घासासाठी उघडलेलं माझं तोंड कुणाला दिसलं न्हाय. आज नातवाची वाटी समोरून गेली तेव्हा ते पुन्हा उघडलं. सुनेनं बघायच्या आत मी तोंडाला पदर लावला.