साहेबाच्या बँडचं नवं गाणं

छावणीच्या बाजारात नानासाहेबांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. शहाऐंशी साली बदली झालेला एक लष्करी साहेब बिघडलेला टेप तिथंच सोडून गेला, आत कॅसेट अडकलेली. नानासाहेबांनी टेप दुरुस्त केला आणि चालतो का ते बघायला बटण दाबलं. गाणं कसलं, वीस मिनिटांचा कारभार! घटकेत देवळातली शांतता, घटकेत नुसता धुमाकूळ. कंटाळून ते बंद करणार, तेवढ्यात दुधाचे कॅन घेऊन दारात उभा असलेला भिकन ओरडला, "थांब नाना! सातात वाजवायलेत, सातात!"

भिकन धनगराचा. बापाच्या शेजारी उभं राहून ढोल शिकलेला. इंग्रजी दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं, पण भिकननं बोटांच्या पेरांवर सात मात्रा मोजून दाखवल्या आणि नानासाहेब खुळावलेच. बँडचं नाव धड उच्चारता येईना, म्हणून तो 'साहेबाचा बँड'.

पुढं ओळखीपाळखीनं मुंबईहून एकेक कॅसेट यायची. नियम ठरलेला. नवं गाणं एकट्यानं ऐकायचं नाही, आणि ऐकताना चकार शब्द काढायचा नाही. एक बाजू संपली की भिकन मांडीवरचा पालथा पंजा उताणा करायचा. म्हणजे, कॅसेट पलट. नानासाहेबांची बायको आवडाबाई त्यांना म्हणायची, "एवढे गप तर तुम्ही आपल्या मंगलाष्टकांना बी नव्हते!"

मग बँड मुका झाला. दुकान बंद पडलं. भिकन लासूर स्टेशनला लेकाकडं राहायला गेला, आणि गेल्या साली त्याला लकवा मारला. नानासाहेब भेटायला गेले, तर भिकननं भिंतीकडं बघावं तसं त्यांच्याकडं बघितलं. भिकनची बायको पुतळाबाई म्हणाली, "त्यांना आता कुणीच वळखू येत नाय, भावजी." त्यानंतर आठ महिने नानासाहेब तिकडं फिरकले नाहीत. भ्याले, दुसरं काय! चाळीस वर्षांचा दोस्त आणि हे असं वागणं.

आणि एक दिवस मोबाईलवर आलं. बावीस वर्षांनी साहेबाच्या बँडचं नवं गाणं, सोळा मिनिटांचं. नानासाहेबांचं बोट बटणापर्यंत गेलं आणि मागं आलं. असे चार दिवस गेले.

"ऐकून टाका की एकदाचं," आवडाबाई वैतागली. "भिकनभावजींना काय कळणार हाय आता?"

"एकट्यानं ऐकलं, तर भिकन गेला असं मीच ठरवल्यासारखं व्हईल," ते म्हणाले.

पाचव्या दिवशी पिशवीत स्पीकर घालून ते रेल्वेनं लासूरला गेले. भिकन खाटेवर पडून होता, डावा हात गोधडीवर पालथा. चालत होता तो तेवढाच. नानासाहेबांनी चपला बाहेर काढल्या, पुतळाबाईला गप बसायची खूण केली आणि गाणं लावलं.

गाणाऱ्याचा आवाज म्हातारा झाला होता. पूर्वी चढायचा तिथं तो आता चढत नव्हता. त्यानं ओढाताणही केली नाही, खालीच राहून सांगावं तसं गायला. मग ढोल आला. नानासाहेब पेरांवर मोजू लागले. सात, सात, पुन्हा सात, आणि मधेच चुकले. नेहमीसारखेच. असं चुकलं की भिकन गालात हसायचा. त्यांनी आशेनं वर बघितलं. भिकनचे डोळे आढ्याला, हात तसाच थंड.

सोळा मिनिटं संपली. बाहेर म्हैस ओरडली. पुतळाबाई हळूच म्हणाली, "म्हणलं नव्हतं का भावजी, उगं जिवाला तरास." नानासाहेबांनी मान हलवली आणि पिशवी पुढं ओढली.

तेव्हा गोधडीवरचं बोट थरथरलं. आधी अंगठा उचलला, मग तळहाताची कड. लई वेळ लागला, पण भिकननं पालथा पंजा उताणा केला.

"आरं येड्या," नानासाहेबांना हुंदका आवरेना, "ह्याला दुसरी बाजू नाय रं!"

पंजा तसाच उताणा राहिला. त्यांनी तो आपल्या हातात घेतला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.