निपाणीतलं बर्फाचं दुकान

निपाणीत मी बर्फाचं दुकान काढलं, तेव्हा बोरगावला आमच्या घरात कितीतरी दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. आम्ही जैन. पाणीसुद्धा गाळून प्यायचं, आणि बर्फ म्हणजे जिवांची रास, तो जिभेला लावायचा नाही. वडील, म्हणजे आप्पा, तंबाखूचा व्यापार करायचे. त्याचं मात्र कुणाला काही वाटत नसे. हे अर्थात मी मनातच ठेवलं. आप्पा एवढंच म्हणाले, "धंदा कर. पण त्यो बर्फ घरात आणायचा न्हाय."

बर्फाच्या लाद्या बेळगावच्या कॅम्पातून मोटारीनं यायच्या, लाकडाच्या भुशात पुरून, वर गोणपाट. मी सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून बसायचो. तवंदीच्या घाटात मोटार तापून उभी राहिली, की माझा माल तिथंच रस्त्यावर सांडायचा. खरं सांगतो, मला त्या धंद्याची भीतीच वाटायची. गोणपाटातून पाणी ठिबकायला लागलं की मी वर आणखी भुसा लोटायचो. बाकीचे दुकानदार कुलूप लावून निर्धास्त घरी जायचे; माझा माल न्यायला चोराची गरजच नव्हती.

त्या वैशाखात एकदा भर दुपारी आप्पा दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. माझी धाकटी बहीण विषमज्वरानं अंथरुणाला खिळली होती.

"ताप उतरंना," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "डॉक्टर म्हणत्यात, डोक्यावर बर्फ ठेवा."

दुकानात नुसता ओला भुसा होता. मोटार यायची होती. आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. मोटार आली तेव्हा उन्हं कलली होती, आणि गोणपाट उघडायला माझा हात धजेना. शेवटी आप्पांनीच दोरी सोडली. लादीतला नारळाएवढा तुकडा उरला होता.

टांगा केला. आप्पांनी तो तुकडा भुशासकट घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतला. त्यांचं धोतर भिजत चाललं होतं आणि मी सारखा म्हणत होतो, उघडू नका, वारा लागेल.

घरी आप्पांनी स्वतःच तो तिच्या कपाळावर धरला. तिनं डोळे उघडले. "गार वाटतंय," म्हणाली. बघता बघता बर्फ संपला, तरी आप्पांनी ओला हात तिच्या कपाळावरून काढला नाही.

"उद्याची मोटार येळंवर येईल न्हवं रं?"

"येईल की, आप्पा," मी म्हणालो. ती आजवर एकदाही वेळेवर आली नव्हती.