धोतराच्या काठाचा झगा

तीन दिवसांपासून तानाबाई मुनेश्वरच्या घशाखाली घास उतरत नव्हता. विचारलं की म्हणायची, "पित्त झालं." पित्त कसलं, टीव्हीची धास्ती!

छप्पन सालच्या नागपूरच्या धम्मदीक्षेची जुनी फिल्म कुणाला तरी सापडली होती आणि रविवारी दुपारी ती टीव्हीवर दाखवणार होते. नातीनं, प्रेरणानं, आर्णीजवळच्या त्या एवढ्याशा गावात घरोघरी सांगून टाकलं, "आमची आजी दिसन! बापाच्या खांद्यावर!"

गावात तो सोहळा डोळ्यांनी पाहिलेली तानाबाईच तेवढी उरली होती. म्हणून दरवर्षी दीक्षेच्या दिवशी विहारात पहिली मेणबत्ती तिची. मग ती सांगायची: पांढरे कपडे हवेत म्हणून बापानं आपलं धोतर फाडलं, आईनं हातानं झगा शिवला, खाली धोतराचा काठ तसाच ठेवला. बंडीनं वर्धा, तिथून रेल्वेनं नागपूर. ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे.

फक्त, तानाबाई गेलीच नव्हती. धोतरात झगा एकच निघाला आणि तो थोरल्या कौसल्येला मिळाला. पाच वर्षांची तानी मावशीपाशी रडत राहिली. कौसल्या परत आली आणि महिनाभर एकाच वाकळीत झोपून तानीला नागपूरच सांगत राहिली. त्याच हिवाळ्यात ती तापानं गेली. तानी सगळ्यांना सांगू लागली, 'कौसल्या म्हणे, असं झालं.' पुढं कधीतरी त्यातली कौसल्या गळाली आणि 'मी' आली. केव्हा, ते देवालाही ठाऊक नसेल, अन् तानाबाई तर देव मानत नव्हती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. फिल्म अंधुक निघो, एवढंच ती मनात घोकत होती.

रविवारी विहारातल्या टीव्हीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. विहार समितीच्या मारोतीनं तिला सर्वांपुढं खुर्चीवर बसवलं. फिल्म सुरू झाली. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांना अंतच नव्हता. आणि मग एक माणूस दिसला. खांद्यावर पोरगी, पांढरा झगा, खाली काळसर काठ.

"तानाबाई!" अख्खा विहार ओरडला. टाळ्या पडल्या. मारोतीनं डोळे पुसले.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. टीव्हीनंच तिच्या बाजूनं साक्ष दिली होती. पण ती पोरगी पडद्यावरून हसली होती, पुढचा एक दात पडलेला. घरात कौसल्येचा एकही फोटो कधी नव्हता. तानाबाईचा जीव कळवळला.

"चूप बसा!" ती उभी राहिली. "मी नोहोय ती. माही बहीण हाय, कौसल्या. झगा एकच झाल्ता. मी गेलीच नोती."

टाळ्या थांबल्या. मारोती पुढं आला. "मंग इतके वरसं काहून सांगून राह्यली होती, बाई?"

"तिनं मले सांगतलं होतं. मी नसतं सांगतलं तं कोनं सांगतलं असतं?" तिनं पडद्याकडं बोट केलं. "पन नाव खाल्लं मी तिचं."

पडद्यावर आता दुसरीच माणसं चालली होती.

"मांगं घे ना वं प्रेरणा."

"टीव्ही मांगं जात नाई, आजी. चाल घरी."

प्रेरणानं दंड धरला तो तिनं सोडवला आणि खुर्ची पडद्याला टेकेल एवढी पुढं ओढली.

"थांब. आखीन दिसन ती. तोंड इसरली होती मी तिचं."